शाळेच्या फाटकावर उतरवलेला झगा : पोशाखावर सरकारने बंदी घालावी का?

निशिगंध

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. मी मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षं फ्रान्समध्ये, ल्योंला. लेक इथल्याच सरकारी शाळेत जाते.

सप्टेंबर २०२३, शाळा उघडण्याचा दिवस. त्याच्या आठवडाभर आधी तेव्हाचे शिक्षणमंत्री गाब्रिएल अत्ताल यांनी जाहीर केलं होतं की यंदापासून सरकारी शाळांत अबाया चालणार नाही. अबाया म्हणजे घोळदार, पायघोळ झगा. त्याने तोंड झाकत नाही, डोकंही झाकत नाही. मी लेकीला सोडायला गेले होते. आमच्या पुढे एक मुलगी होती, चौदा-पंधरा वर्षांची. अंगात राखाडी झगा. डोक्यावरचा रुमाल तिने कोपऱ्यावरच काढून दप्तरात टाकला होता, कारण तो तर २००४ पासूनच चालत नाही. फाटकावरच्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, उलट त्याच कानकोंड्या झाल्या होत्या. मुलीने तिथंच, बाकीची पोरं शेजारून आत जात असताना, झगा डोक्यावरून काढला. आत जीन्स आणि लांब बाह्यांचा टीशर्ट होता. झगा काढताना टीशर्ट वर सरकला, तो तिने दोन्ही हातांनी खाली ओढून धरला आणि झगा जमिनीवर पडला. माझ्या लेकीने उचलून दिला. दप्तरात तो मावेना, चेन अर्ध्यात अडकली. राखाडी कापड बाहेर लोंबत असलेलं दप्तर पाठीला लावून ती तशीच आत गेली.

त्या दिवशी देशभरात २९८ मुली अबाया घालून आल्या, त्यातल्या ६७ जणींनी तो काढायला नकार दिला आणि त्यांना घरी परत पाठवलं, हे मंत्र्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. बातम्यांत तो आकडा किरकोळ वाटत होता. मला तसा तो वाटेना.

आणि एक गोष्ट तेव्हापासून डोक्यातून जात नाही. अबायाची व्याख्या कुठेच नीट नाही. तोच झगा, त्याच दुकानातला, माझ्या लेकीने घातला असता तर तिला कुणी हटकलं नसतं. तिच्या अंगावर तो नुसता झगा ठरला असता. मग अडवलं कशाला, कपड्याला की त्या मुलीच्या नावाला?

ज्यांना इथली पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. १९०५ साली फ्रान्सने चर्च आणि सरकार यांची फारकत करणारा कायदा केला. इथे ज्याला लाइसिते, म्हणजे धर्मनिरपेक्षता, म्हणतात त्याचा हा पाया. हा कायदा मुळात सरकारला बांधतो : सरकार कुठल्याही धर्माला मान्यता देणार नाही, पगार देणार नाही, अनुदान देणार नाही. लोकांना मात्र तो सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी देतो. गंमत नाही, खरी गोष्ट सांगते : तेव्हाच संसदेत एक उपसूचना आली होती की पाद्र्यांना त्यांचा काळा झगा रस्त्यावर घालायला बंदी करावी. कायद्याचे कर्ते आरिस्तिद ब्रियाँ यांनी ती धुडकावली. त्यांचं म्हणणं असं की झगा बंद केलात तर पाद्री आणि शिंपी मिळून दुसरा एखादा कपडा शोधून काढतील, आणि शिवाय हे सरकारचं कामच नव्हे. एकशेवीस वर्षांपूर्वीचं हे शहाणपण आहे.

पुढे १९८९ मध्ये पॅरिसजवळच्या क्रेई गावात तीन मुलींना डोक्यावरच्या रुमालावरून शाळेबाहेर काढलं आणि देशभर वाद पेटला. १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हं बंद झाली. त्यात ज्यू मुलांची टोपी, मोठा क्रॉस आणि शिखांची पगडीही आली. २०१० मध्ये कायदा झाला की सार्वजनिक जागी चेहरा झाकायचा नाही, १५० युरोपर्यंत दंड. तो एप्रिल २०११ पासून लागू आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात समुद्रकाठच्या तीसेक गावांनी बुर्किनीवर, म्हणजे अंगभर पोहण्याच्या पोशाखावर, बंदी घातली. इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यातल्या एका गावाची बंदी स्थगित केली. अबायाच्या वेळी मात्र त्याच न्यायालयाने मंत्र्यांच्या बाजूने कौल दिला. डोक्यापासून सुरू झालं ते पायापर्यंत आलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. न्यायाधीश, पोलीस, सरकारी शिक्षक यांनी कामावर काय घालावं हे सरकारने ठरवावं, ते सरकारच्या नावाने समोर बसलेले असतात. ओळख पटवायची तिथे चेहरा दाखवायला सांगावं. पण जी शिकायला आली आहे, बसची वाट बघते आहे, भाजी घेते आहे, तिच्या अंगावरच्या कपड्याला सरकारने हात लावू नये. घालायला लावू नये आणि काढायलाही लावू नये.

तुम्हाला काय वाटतं?

भटकभवानी

वाचतेय. त्या चेनीचं वाचून कसंतरी झालं.

काळा_कातळ

निशिगंध, तळमळीने लिहिलंय, पण मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे आणि तेवढ्याच तळमळीने आहे.

शाळेच्या फाटकावर त्या मुलीला जे सोसावं लागलं ते तुम्ही पाहिलंत. घराच्या दारावर जे सोसावं लागतं ते कुणी पाहत नाही. २००३ मध्ये फ्रान्सने स्तासी आयोग नेमला होता, त्याच्यापुढे वस्त्यांमधल्या मुलींची बाजू आली की रुमाल न बांधता बाहेर पडलं तर भाऊ, शेजारचे, वस्तीतली पोरं जगू देत नाहीत. अशा मुलीला शाळेचे सहा तास तरी मोकळे मिळाले. तिने घरी सांगायचं, "मी काय करू, कायदाच आहे." कायदा तिच्यासाठी ढाल झाला. तुम्ही ती ढाल काढून घ्यायला निघालात.

बारा वर्षांच्या मुलीची निवड म्हणजे काय हो? आपण तिला मतदान करू देत नाही, लग्न करू देत नाही. मग अंग झाकायचं की नाही ही तिची स्वतंत्र निवड, असं आपण एकदम कसं मानतो?

आणि फ्रान्सची जखमही बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये साम्युएल पाती या शिक्षकाचा शाळेजवळच शिरच्छेद केला, वर्गात अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवताना व्यंगचित्रं दाखवली म्हणून. ज्या देशात असं घडलं तो शाळेचा उंबरा जपणारच.

इकडे आपल्याकडे हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, आयुष्य झिजवलं. आणि आज शिकली-सवरलेली माणसं बुरख्याला हक्क म्हणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इराणमध्ये बायका रुमाल जाळतायत, मार खातायत, त्यांच्याकडे बघून तरी बोला.

निशिगंध

काळा_कातळ, ढालीचा मुद्दा मला मान्य आहे. अशा मुली आहेत, मी त्यांना ओळखते. तो मुद्दा मी टाळणार नाही.

पण २०१० च्या कायद्यात दोन भाग आहेत. जो कुणी बाईला चेहरा झाकायला भाग पाडेल त्याला वर्षभर कैद आणि ३० हजार युरो दंड, मुलगी अज्ञान असेल तर दुप्पट. हा भाग मला शंभर टक्के पटतो. दुसरा भाग, रस्त्यावरच्या बाईला १५० युरो. रस्त्यावर पोलिसाला सापडते ती बाईच. म्हणजे जिच्यावर जबरदस्ती झाली असं आपण म्हणतो तिच्याच हातात दंडाची पावती द्यायची. मग ती काय करेल? उद्यापासून घरातच बसेल.

इराणचं म्हणालात ते बरं झालं. ८ जानेवारी १९३६ ला रझा शाहने बुरखा, चादर, रुमाल सगळ्यावर बंदी घातली. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढून काढायचे. कितीतरी बायकांनी घराबाहेर पाऊल टाकणंच बंद केलं. १९७९ च्या क्रांतीनंतर वारं फिरलं आणि १९८३ पर्यंत तोच रुमाल कायद्याने सक्तीचा झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये बावीस वर्षांची महसा अमिनी रुमाल नीट नाही म्हणून पकडली गेली आणि कोठडीतच कोसळून १६ तारखेला गेली. आजीच्या डोक्यावरून पोलिसाने ओढला आणि नातीच्या डोक्यावर पोलिसानेच बसवला. मी इराणच्या बायकांच्याच बाजूने बोलते आहे. त्या मागतायत काय? पोलीस बाजूला व्हावा, एवढंच.

न्यायप्रविष्ट

आपल्याकडचं कायद्याचं चित्र मांडतो, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात 'हिजाब केस' म्हणून सगळं एकत्र झालेलं असतं.

उडुपीच्या सरकारी पदवीपूर्व महाविद्यालयात डिसेंबर २०२१ च्या सुमारास काही मुलींना हिजाब घालून वर्गात बसू दिलं नाही. ५ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक सरकारचा गणवेशाचा आदेश निघाला. १५ मार्चला उच्च न्यायालयाने सांगितलं की हिजाब ही इस्लामची अत्यावश्यक धार्मिक प्रथा नाही आणि गणवेश हे वाजवी बंधन आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले. न्या. हेमंत गुप्ता यांनी अपिलं फेटाळली, न्या. सुधांशू धुलिया यांनी सरकारी आदेश रद्द केला. म्हणून प्रकरण मोठ्या पीठाकडे.

न्या. धुलियांचा निकाल प्रत्येकाने वाचावा असं मला वाटतं. 'अत्यावश्यक प्रथा आहे का' या वाटेला जाण्याची गरजच नव्हती, असं ते म्हणतात. त्यांनी आधार घेतला १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्याचा. केरळमधली तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार पंथाची. राष्ट्रगीताच्या वेळी शांतपणे उभी राहायची, पण गायची नाहीत. शाळेने काढलं. सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. श्रद्धा प्रामाणिक आहे का आणि तिने कुणाचं काही बिघडतं का, एवढंच पाहायचं. आणि धुलियांच्या मनात सगळ्यात वर होता मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न.

मुंबईचं उदाहरण ताजं आहे. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ला सगळ्यावर बंदीचा नियम काढला. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या, २६ जून २०२४ ला याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यापुरती नियमाला स्थगिती दिली. उद्या टिकली आणि टिळ्यावरही बंदी घालणार का, असं न्यायालयाने महाविद्यालयाला विचारलं. वर्गात बुरखा मात्र चालणार नाही, असंही म्हटलं.

आपल्या व्यवस्थेत सवलती नवीन नाहीत. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणातच शिखांचं कृपाण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडी बांधलेल्या शिखाला हेल्मेटची सक्ती नाही. आकाश कोसळलेलं नाही.

अवांतर, पण सांगतोच. सरकार उलट दिशेनेही कायदा करू शकतं. २०१४ मध्ये चेन्नईच्या एका क्लबात वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना आत सोडलं नाही. तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी कायदा केला की सार्वजनिक जागी वेष्टी किंवा भारतीय पारंपरिक पोशाखावरून कुणाला अडवायचं नाही.

मांडवी

मी म्हापशाची. आमच्याकडे हे सगळं अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. १७३६ साली इन्क्विझिशनचं, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाचं, फर्मान निघालं, त्यात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी काय काय करायचं नाही याची यादी होती. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. दारात तुळस लावायची नाही. हिंदू शिजवतात तसा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही. म्हणजे राजाचा हात अंगावरच्या कपड्यावरून थेट चुलीवरच्या टोपापर्यंत!

फर्मान काढणाऱ्यांना वाटलं, कपडा बदलला की माणूस बदलेल. १८१२ ला इन्क्विझिशन संपलं. आज आमच्या आळीत क्रूस आणि तुळस दोन्हींसमोर पणती लागते. निशिगंधचा मुद्दा म्हणूनच मला पटतो, रुमालापासून सुरुवात झाली की कुठे थांबायचं हे सरकारला कधी कळत नाही.

भटकभवानी

मांडवी, बिनमिठाच्या भाताचं पहिल्यांदाच कळलं. अंगावर काटा आला.

खाडीकिनारा

मी एरवी फक्त वाचते, आज लिहिते. मी रत्नागिरीकडची, मुसलमान, आणि माझी भाषा हीच. 'मुस्लिम बाईला काय वाटतं' असं सगळे म्हणतात म्हणून माझ्या घरातलं सांगते, सगळ्या मुसलमान बायकांचं नाही.

माझी आजी आयुष्यभर साडी नेसली, पदर डोक्यावर. बुरखा तिने शिवलाही नाही. आईने लग्नानंतर बारा-पंधरा वर्षांनी बुरखा घ्यायला सुरुवात केली, चाळीतल्या बाकीच्या बायका घ्यायला लागल्या तेव्हा. अब्बांना तो आवडला नाही, अजूनही आवडत नाही. मी एकोणिसाव्या वर्षी स्कार्फ बांधायला लागले, माझ्या मनाने. त्या दिवशी अब्बा माझ्याशी जेवताना बोलले नाहीत. धाकटी बहीण काहीच बांधत नाही. तिचं आणि माझं यावरून कडाक्याचं भांडण होतं. ती म्हणते, ताई, तू आजीच्याही मागे गेलीस. मी म्हणते, आजीचा पदर आणि माझा स्कार्फ यात फरक काय गं? ती म्हणते, आजीचा पदर सगळ्या गावाचा होता, वाण्याची बायकोही तसाच घ्यायची, तुझा फक्त आपला आहे. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, कबूल करते.

पण हे भांडण आमचं चाललं होतं. जेवणाच्या ताटावर, लग्नाच्या मांडवात, सुट्टीत घरी गेल्यावर. त्यात दलवाईंचं नावही निघायचं, अब्बाच काढायचे.

मग २०२२ च्या फेब्रुवारीत टीव्हीवर तो कर्नाटकातला व्हिडिओ आला. एकटी मुलगी स्कूटर लावून कॉलेजकडे चाललीये आणि पोरांचा घोळका घोषणा देत तिच्या मागे. आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी माझी बहीण, जिने आयुष्यात कधी काही बांधलं नाही ती, माझा निळा स्कार्फ डोक्याला बांधून ऑफिसला गेली. पिन कशी लावायची ते मीच दाखवलं, तिला येत नव्हतं. महिनाभर ती तशी गेली. अब्बा दारात उभे होते, एक अक्षर बोलले नाहीत. एवढी वर्षं स्कार्फच्या विरुद्ध बोलणारा आमच्या घरातला एकुलता एक माणूस त्या महिन्यात गप्प बसला.

काळा_कातळ दादा, तुम्हाला दलवाईंचं काम पुढे जावं असं वाटतं ना? माझ्या घरात ते काम अब्बा करत होते. सरकार मध्ये आलं आणि त्यांचं तोंड बंद झालं. मी म्हणते, भाऊ घरात जबरदस्ती करत असेल तर त्या भावाला पकडा, मीच साक्ष द्यायला येईन. बाकीचं भांडण आमचं आम्हाला भांडू द्या.

निशिगंध

खाडीकिनारा ताई, तुमच्या बहिणीच्या डोक्यावरचा निळा स्कार्फ मला दिसतोय. मी एवढा मोठा धागा लिहिला, पण हे मला सुचलं नव्हतं.

फळा_खडू

मी सोलापूर जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, बावीस वर्षं झाली. गणवेश असावा या मताचा मी आहे आणि राहीन. फाटक्या शर्टातल्या पोराला गणवेशाचा किती आधार असतो हे वर्गात उभं राहिल्यावर कळतं. पण गणवेश आणि बंदी या दोन गोष्टी आहेत. आमच्याकडे वर्षानुवर्षं मुली गणवेशाच्याच रंगाची ओढणी डोक्यावरून घेऊन बसायच्या. कुणाला कधी खटकलं नाही.

कर्नाटकातल्या वादानंतर मी ज्या महाविद्यालयात तेव्हा होतो (नाव घेत नाही) तिथे तोंडी फतवा निघाला, डोक्यावर काही चालणार नाही. हजेरीपट माझ्याकडे होता. अकरावी विज्ञानच्या त्या वर्गात अशा पाच मुली. तिघींनी ओढणी गळ्यात घेतली आणि आल्या. एक आठवड्यातून दोनदाच यायला लागली. पाचव्या मुलीच्या वडिलांनी दाखला काढून नेला. पुढे कळलं की तिने बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे बाहेरून परीक्षा, आणि तिचं विज्ञान सुटलं. कलेतून बारावी झाली. त्या पोरीची सेंद्रिय रसायनशास्त्राची वही मी वर्गाला नमुना म्हणून दाखवायचो.

मी तेव्हा प्राचार्यांकडे गेलो नाही. जायला हवं होतं. ते मला आजही टोचतं.

बर्फाळ_वाट

माँट्रियलहून. निशिगंधच्या एका मुद्द्यावर मला थोडं वेगळं म्हणायचंय. सरकारी शिक्षकावर नियम घालावा, असं तुम्ही सहज लिहिलंत. आमच्या क्वेबेकने जून २०१९ मध्ये नेमकं तेच केलं, विधेयक २१. सरकारी शाळांतले शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांनी कामावर धर्मचिन्ह घालायचं नाही. जे आधीपासून नोकरीत होते त्यांना सूट, पण त्याच जागी असेपर्यंत. बढती घेतली की सूट गेली. शिवाय कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतलं अपवादाचं कलम आधीच लावून ठेवलं, म्हणजे न्यायालयात टिकेल.

आमच्या शेजारची पंजाबी मुलगी, पगडी बांधते, शिक्षणशास्त्राची पदवी इथलीच. ती ओंटारिओत शिकवायला गेली. मुलांना गणित शिकवताना तिची पगडी काय आड येत होती? न्यायाधीशाचं एकवेळ समजू शकते. तिसरीच्या बाईंचं नाही.

निशिगंध

बर्फाळ_वाट, तुम्ही मला अडचणीत टाकलंत आणि बरोबर टाकलंत. फ्रान्समध्ये राहून शिक्षकांबाबतचा तो नियम मला हवेसारखा वाटायला लागला होता. पोलीस आणि न्यायाधीश यांच्यावर मी ठाम आहे. शिक्षकांबद्दलचं माझं वाक्य मागे घेते.

शिखांवरून आठवलं. २००४ च्या कायद्यानंतर पॅरिसच्या उपनगरातल्या शीख मुलांना शाळा सोडाव्या लागल्या. त्यातल्या एकाची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेली, २०१२ मध्ये समितीने म्हटलं की त्याच्या हक्कांचं उल्लंघन झालं. फ्रान्सने कायदा बदलला नाही. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मात्र २०१४ मध्ये चेहरा झाकण्यावरची बंदी उचलून धरली. सुरक्षेचं कारण त्यांनी मानलं नाही, 'एकत्र जगणं' हे कारण मानलं. माणसाला माणसाचा चेहरा दिसला पाहिजे, असं. हे मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. नकाबातल्या बाईशी बोलताना मीही अवघडते, खोटं का बोलू. पण मला अवघडायला होतं म्हणून तिला दंड, हे मला न्यायाचं वाटत नाही.

काळा_कातळ

खाडीकिनारा ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या अब्बांना माझा नमस्कार सांगा.

तरी एक सांगतो. कपडा म्हणजे नुसता कपडा नसतो. डिसेंबर १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की गुडघ्यापर्यंतचं लुगडं, गळ्यातले-हातातले ते दागिने या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, टाकून द्या, पायघोळ नेसा. बायका दुसऱ्या दिवशी तशा नेसून आल्या. पोशाख बदलणं ही मुक्तीच होती. मग एखाद्या सरकारने तेच सांगितलं तर?

मांडवी

तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. बाबासाहेब त्यांच्यातले होते, त्यांनी समोर उभं राहून सांगितलं, आणि बायकांनी आपल्या हातांनी निऱ्या घातल्या. दारात शिपाई उभा नव्हता. उलट ते आखूड लुगडं त्यांच्यावर लादलेलं होतं, वरच्यांसारखं नेसायचं नाही म्हणून.

राजसत्ता कपड्यात पडली की काय होतं ते त्रावणकोरात बघा. नाडर जातीच्या बायकांनी छाती झाकायची नाही असा दंडक. वर्षानुवर्षं दंगे झाले, बायकांचे कपडे भर बाजारात फाडले गेले. शेवटी १८५९ मध्ये राजाने परवानगी दिली, पण कशी? झाका, मात्र उच्चवर्णीय बायकांसारखं वस्त्र घ्यायचं नाही. सोडतानाही राजाने चिमटीत धरून ठेवलंच.

काळा_कातळ

त्रावणकोरचं तपशिलात माहीत नव्हतं. विचार करतो.

डोक्यावरच्या रुमालाबाबत माझा आग्रह मी सोडतो, फळा_खडू सरांच्या त्या मुलीसाठी तरी. विज्ञान सुटलं तिचं, हे मला सहन होत नाही. पण चेहऱ्याबद्दल मी मागे हटणार नाही. परीक्षा, बँक, मतदान, विमानतळ. तिथे तरी बंदी हवीच की नको? पर्यवेक्षकाने ओळखायचं कसं कोण बसलंय?

न्यायप्रविष्ट

त्याला बंदी लागत नाही, व्यवस्था लागते. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या सूचनांमध्येच असतं की रूढ किंवा धार्मिक पोशाख असेल तर तपासणीसाठी लवकर या. मतदान केंद्रावरही ओळख पटवायला महिला कर्मचारी ठेवतात. फळा_खडू सर, तुमच्या केंद्रावर कसं करता?

फळा_खडू

आता ज्या महाविद्यालयात आहे तिथलं सांगतो. बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र आमच्याकडे असतं. स्टाफरूममध्ये दोन लोखंडी कपाटं आहेत, ती थोडी पुढे ओढून आडोसा करतो. आत एक खुर्ची, एक टेबल, आणि आमच्या मराठीच्या बाई. पेपर अकराचा. ज्या मुली चेहरा झाकतात त्यांना सव्वादहाला बोलावतो, बाकीच्यांच्या आधी, म्हणजे रांगेत सगळ्यांसमोर काही होत नाही. एकेक आत जाते, बाई हॉल तिकिटावरचा फोटो आणि चेहरा ताडून बघतात, यादीवर खूण करतात, सही करतात. वर्गात चेहरा उघडा ठेवायचा, डोक्यावर ओढणी असू दे, कानात काही लावलेलं नाही ना, हे बाईंनी एकदा बघितलेलं असतं. पहिल्या वर्षी एका वडिलांनी कुरबूर केली, त्यांना कपाटामागची जागा नेऊन दाखवली, ते गप्प झाले.

गेल्या परीक्षेला अशा सात मुली होत्या. सगळ्यांचं मिळून दहा मिनिटांत होतं. भौतिकशास्त्राच्या पेपरला तेवढा जास्त वेळ लागला, एकीचं हॉल तिकीट घरी राहिलं होतं, तिचा भाऊ मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला.